शून्य किमतीची तीन दरपत्रकं

टायपिंगबाईंचा गुन्हा एवढाच, की त्यांनी नणंदेला एक कागद लिहून दिला.

झालं होतं असं, की नणंदेच्या संगणकाने एका सकाळी लिहायला साफ नकार दिला. "चाचणीची मुदत संपली, आता पैसे भरा," असं तो दर दोन मिनिटांनी म्हणायचा आणि नणंद दर दोन मिनिटांनी त्याला "थांब रे जरा" म्हणायची. शेवटी तिने फोन लावला. "वहिनी, इतकी वर्षं घरात असलेला संगणक, आज मला परकं समजायला लागलाय हो."

बाईंनी तीस वर्षं टायपिंगचा वर्ग चालवला होता. नणंद असो, विद्यार्थिनी असो, अडलेल्या माणसाला तोंडी सांगून भागत नाही, लेखीच द्यावं लागतं, यावर त्यांची ठाम श्रद्धा. त्यांनी एक कोरा कागद घेतला, वर "घरच्या संगणकासाठी उपयुक्त आणि मोफत" असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि मग सावकाश, समास सोडून, सगळं लिहून काढलं. पत्रं, अर्ज, हिशेबाचे तक्ते यांसाठी लिबरऑफिस. कुठलीही चित्रफीत उघडत नसेल तर व्हीएलसी, ज्याच्या चिन्हावर रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला नारिंगी शंकू असतो. फोटो नीट करायला गिंप. ढीगभर फायलींचं एकच गाठोडं बांधायला सेव्हन-झिप. प्रत्येकापुढे कंसात "मोफत" लिहिलं आणि शेवटी "सही-" म्हणून सहीसुद्धा केली. सहीशिवाय कागद बाईंच्या हातून कधी सुटलाच नव्हता.

नणंदेचं काम झालं. ती इतकी खूश झाली, की तिने त्या कागदाच्या वीस प्रती काढल्या आणि वहिनींच्याच इमारतीत येऊन वाटल्या. एक सूचनाफलकावरही लावली.

"वन्सं, अहो विचारायचं तरी," बाई म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता," नणंद म्हणाली. नात्याची माणसं एकमेकांना किती नीट ओळखतात!

दोन दिवस बाई जिन्यातून जरा हळू चालत होत्या. म्हणजे गुडघे दुखत होते म्हणून नव्हे. कुणाला काही विचारायचं असेल तर त्याला वेळ मिळावा म्हणून. लोक विचारायचेही. यजमान गॅलरीत वर्तमानपत्र वाचत हे बघायचे. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते आणि कुठलाही प्रवाह जास्त जोरात सुरू झाला की पुढे कुठेतरी पाइप फुटतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

पाइप तिसऱ्या मजल्यावर फुटला.

तिसऱ्या मजल्यावर विमासाहेब राहायचे. विमा विकत त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे समोर दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूचं शेवटी काय होणार आहे हे त्यांना आधीच दिसायचं. फलकासमोर उभं राहून त्यांनी कागद दोनदा वाचला आणि बाईंना जिन्यात गाठलं.

"मोफत? मग यात त्यांचा फायदा काय?"

"काही माणसांना चांगलं काम करून वाटून टाकायला आवडतं."

"अशा माणसांचा विमा कुणी उतरवणार नाही," विमासाहेब म्हणाले आणि वर जाऊन त्यांनी गुपचूप तो शंकू आपल्या संगणकावर घ्यायला सुरुवात केली.

आता यात बाईंची चूक असलीच तर एवढीच, की कुठल्या पानावरून घ्यायचं ते त्यांनी लिहिलं नव्हतं. विमासाहेब एका भलत्याच पानावर पोचले. तिथे एक मोठं हिरवं बटण लुकलुकत होतं. त्यांनी ते दाबलं. मग दुसरं आलं, तेही दाबलं. विमा विकताना ते लोकांना बारीक अक्षरं वाचायला देत नसत. स्वतःही वाचत नसत, हे त्या दिवशी सिद्ध झालं. पंधरा मिनिटांत त्यांच्या पडद्याच्या वरच्या कडेला चार पट्ट्या आल्या, कोपऱ्यात कुठल्यातरी बर्फाळ बेटाचं हवामान दिसू लागलं, "तुमचा संगणक धोक्यात आहे" असं म्हणत भोंगा वाजायला लागला आणि एक जांभळा पोपट पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालू लागला.

विमासाहेबांनी बाईंच्या दारावरची बेल दाबली ती बोट न उचलताच.

"बाई, तुमच्या शंकूने माझ्या संगणकात पोपट सोडलाय!"

भोंगा सगळ्या इमारतीने ऐकला होता. संध्याकाळपर्यंत पोपटाचे तीन झाले होते, म्हणजे लोकांच्या बोलण्यात. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी फलकावरचा कागद काढला आणि तिथे स्वतः टाइप केलेली सूचना लावली: "सदस्यांनी अशा प्रकारच्या कागदांवर विश्वास ठेऊ नये." त्यात 'सॉफ्टवेअर' हा शब्द तीनदा होता आणि तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिला होता. डावा समास तर वरून खाली जाता जाता घसरत गेला होता. बाईंना अपमान झोंबला तो होताच, पण इतक्या वाकड्या समासात अपमान व्हावा, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

"ज्या हातांनी तीन हजार मुलींची बोटं कळांवर बसवली..." त्या यजमानांना म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडून चहा टाकायला गेल्या.

चहा झाल्यावर मात्र त्या उठल्या आणि थेट तिसऱ्या मजल्यावर गेल्या. "बाजूला व्हा," एवढंच विमासाहेबांना म्हणाल्या. दोन तास लागले. विमासाहेब मागे उभे राहून सल्ले देत होते. बाई ते सल्ले पंख्याच्या आवाजासारखे ऐकत होत्या. पट्ट्या गेल्या, भोंगा गेला, बेटाचं हवामान गेलं. पोपट सर्वांत शेवटी गेला आणि जाताना त्याने पंख हलवून निरोप घेतला. मग बाईंनी खऱ्या पानावरून खरा शंकू आणला.

"आता उघडत नसलेली एखादी चित्रफीत द्या बघू."

विमासाहेबांनी कपाटातून एक जुनी तबकडी काढली. त्यांच्या मुलीच्या शाळेतल्या नाटकाची. सहा वर्षं ती कुठल्याच यंत्रावर उघडत नव्हती. मुलगी आता परदेशात, तिचीच मुलगी शाळेत जाणारी. शंकूने क्षणभर विचार केला आणि पडद्यावर एक आठ वर्षांचं झाड उभं राहिलं. झाडाला एकच वाक्य होतं आणि तेही ते विसरलं होतं. झाड रडायला लागलं. प्रेक्षकांतून कुणीतरी मोठ्याने ते वाक्य सांगितलं. तो आवाज विमासाहेबांचा होता, तरणाताठा.

विमासाहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "आवाज जरा मोठा होईल का?"

पण फलकावरच्या सूचनेबद्दल ते काही बोलले नाहीत आणि बाईंनीही विचारलं नाही. मान ताठ ठेवून त्या खाली आल्या. कागद-बिगद आता पुन्हा लिहायचा नाही, हे त्यांनी जिन्यात ठरवलं आणि तो निश्चय चांगला चार दिवस टिकला.

पाचव्या दिवशी त्या वाचनालयात पुस्तक बदलायला गेल्या. वाचनालयाच्या माडीवर संगणक कक्ष होता, सहा संगणकांचा. त्याच्या बंद दारासमोर, शेवटच्या पायरीवर, एक बाई मांडीवर खोक्याचा पुठ्ठा घेऊन बसली होती. पुठ्ठ्यावर पेनने चौकोन आखून कळफलक काढला होता आणि ती त्यावर बोटं आपटत होती. जवळच्या रुग्णालयाचा निळा गणवेश अंगावर. वॉर्डात रुग्णांचं सगळं करणारी ही बाई, वय चाळिशीच्या आतलं, पण तिथे सगळे तिला मावशीच म्हणायचे.

"हे काय करताय?" टायपिंगबाईंनी विचारलं.

"सराव, बाई. नोंदणीच्या खिडकीवर जागा निघालीय. मिनिटाला पंचवीस शब्द आले तर आत घेणार. परीक्षा पंधरवड्यावर आलीय. इथे रोज येत होते, पण कक्ष बंद केला. लिहायच्या सॉफ्टवेअरचा परवाना संपलाय म्हणे." मग थोडं थांबून ती म्हणाली, "सोळा वर्षं बेडपॅन उचलतेय. पाठ गेलीय आता."

टायपिंगबाईंनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. एका ओळीत दोन अक्षरांची अदलाबदल झाली होती. मावशी गेले आठ दिवस मनापासून चुकीचा सराव करत होती.

टायपिंगबाईंनी पेनने ती दोन अक्षरं आधी जागेवर आणली आणि म्हणाल्या, "उठ." तुम्हीवरून त्या एकदम तूवर आल्या, म्हणजे मावशी आता त्यांची विद्यार्थिनी झाली.

खाली ग्रंथपाल बसले होते. माणूस सज्जन, पण नियमांना इतका भ्यायलेला, की स्वतःच्या घरचं पुस्तकसुद्धा नोंद करून वाचत असावा. बाईंनी त्यांना सांगितलं, परवाना लागत नाही असं सॉफ्टवेअर आहे, मोफत आहे, मी आज बसवून देते.

"बाई, मला पटतं," ग्रंथपाल हळू आवाजात म्हणाले. "पण नियम नववा. वाचनालयात कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन दरपत्रकं लागतात."

"अहो, ती फुकट आहे."

"फुकट असली तरी वस्तूच."

"मग देणगी समजा."

"देणगीला नियम चौदावा. देणगीदाराचं नाव, पत्ता, फोटो आणि वस्तूची मूळ पावती."

देणगीदार म्हणजे जगभर पसरलेली काही हजार माणसं. त्यांचे फोटो गोळा करणं कठीण होतं. बाई नियम नवव्यावर परत आल्या. ग्रंथपालांनी आणखी एक गोष्ट सांगितली: शनिवारी समितीची सभा आहे आणि त्यात संगणक कक्ष बंद करून तिथे मोडक्या खुर्च्या ठेवण्याचा ठराव येणार आहे. समितीला त्या खुर्च्यांची फार काळजी होती. दुरुस्त करण्याएवढी नाही, पण ठेवण्याएवढी.

बाई घरी आल्या आणि त्यांनी पहिलं दरपत्रक टाइप केलं. "सहा संगणकांवर लिबरऑफिस बसवून देणे. एकूण किंमत: शून्य. अक्षरी: शून्य फक्त." दुसरं नणंदेने पाठवलं, तिने उत्साहाच्या भरात खाली "घासाघीस करू नये" असंही लिहिलं. तिसरं कुणाकडून घ्यायचं हा प्रश्न होता. यजमान म्हणाले, "माझी सही नको. एकाच घरातली दोन दरपत्रकं, संगनमत दिसेल." सरकारी खात्यातला माणूस, त्यांना या गोष्टी कळायच्या.

बाईंनी पदर खोचला, अपमान गिळला आणि तिसऱ्या मजल्यावर गेल्या. विमासाहेब दार उघडताच म्हणाले, "कुठे सही करू?" बाई गडबडल्याच. त्यांनी जिन्यात चढताना जे चार मुद्दे तयार केले होते ते सगळे वाया गेले. फक्त सवयीचा भाग म्हणून विमासाहेबांनी दरपत्रकात "नैसर्गिक आपत्ती वगळून" असे शब्द घातले.

शनिवारी सभा भरली. अध्यक्ष कापडाचे जुने व्यापारी. ग्रंथपालांनी तुलनात्मक तक्ता पुढे ठेवला: शून्य, शून्य, शून्य. अध्यक्षांनी चष्मा वर केला, तक्ता लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"ही त्यांची पहिली किंमत झाली," ते म्हणाले. "आता थोडं कमी करा म्हणावं."

ग्रंथपाल जमिनीकडे बघत होते. शेवटी बाई उभ्या राहिल्या.

"साहेब, शून्यातून कमी केलं तर आम्हाला तुम्हाला पैसे द्यावे लागतील."

"कितपत?" अध्यक्षांनी आशेने विचारलं.

एका सभासदाने मध्ये पडून विचारलं, तिन्ही सारखीच आहेत तर सर्वांत कमी कुणाची धरायची? यावर वीस मिनिटं चर्चा झाली. चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, पण चिठ्ठ्या कुणी लिहायच्या यावर पुन्हा अडलं. आणि मग अध्यक्षांनी खरी गोम काढली. "चालतं कशावरून? आत्ता दाखवा. नाही चाललं तर खुर्च्या आत."

सगळी समिती माडीवर गेली. बाईंच्या पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. बाहेरची वस्तू आत न्यायला मनाई म्हणून ग्रंथपालांनी आधी तो जमा करून घेतला, त्याबद्दल छत्रीसाठी असतं ते टोकन दिलं आणि मग टोकन परत घेऊन पेनड्राइव्ह दिला. नियम पाळला गेला. बाईंनी पहिला संगणक सुरू केला, नवं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं आणि पडद्यावर एक रिकामी चौकट आली: मुख्य परवलीचा शब्द भरा.

"हा कुणाला माहीत आहे?"

ग्रंथपालांचा चेहरा पडला. "हे संगणक आले तेव्हा ज्यांनी बसवून घेतले, त्यांनी घातला होता. ते तेव्हा समितीवर होते."

"ते कोण?"

"मी," दारातून आवाज आला. विमासाहेब आले होते. ते वाचनालयाचे जुने सभासद. आपल्या दरपत्रकाचं काय होतं ते बघायला सहज म्हणून आले होते. सगळे वळून बघायला लागले तसे ते कानापर्यंत लाल झाले.

"सांगा ना मग," बाई म्हणाल्या.

"मी स्वतः भरतो." त्यांनी एका बोटाने भरला. चुकला. पुन्हा भरला. पुन्हा चुकला. चौथ्यांदा चुकल्यावर संगणकाने बजावलं, की आता एकदाच. अध्यक्षांनी खुर्च्या आणायची खूण केली. मावशी दाराशी उभी होती. बाईंनी बोलावलं म्हणून रात्रपाळी करून सरळ इकडेच आलेली, गणवेशातच. तिने हातातली पिशवी घट्ट धरली.

विमासाहेबांनी खोलीभर नजर फिरवली, मग खाली वाकून बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी एक शब्दही न बोलता दहा बोटांनी तो शब्द भरला आणि चौकट निघून गेली.

तो शब्द काय होता हे बाईंनी कधीच कुणाला सांगितलं नाही. यजमानांना फक्त एवढंच म्हणाल्या, की ते त्यांच्या बायकोचं लाडाचं नाव होतं आणि इतक्या रुक्ष माणसाच्या पोटात एवढं गोड काही असेल असं वाटलं नव्हतं.

लिबरऑफिस बसलं. पांढरं पान उघडलं. अध्यक्ष म्हणाले, "हं, टाइप करा काहीतरी."

"मी नाही, ही करील," बाई म्हणाल्या आणि मावशीला खुर्चीत बसवलं. "साहेब, तुम्ही ठरावच सांगा. जो तुम्हाला करायचा असेल तो."

मावशीच्या पहिल्याच शब्दात दोन चुका. समितीतल्या कुणीतरी घसा खाकरला. "पडद्याकडे बघू नकोस," बाई मागून हळूच म्हणाल्या, "बोटांकडेही नको. साहेबांकडे बघ. रुग्णाचं बोलणं ऐकतेस तसं ऐक."

मावशीने अध्यक्षांकडे पाहिलं. सोळा वर्षं तिने गुंगीतल्या, रागावलेल्या, कवळी काढून ठेवलेल्या माणसांचं बोलणं समजून घेतलं होतं. अध्यक्षांचं बोलणं त्यामानाने फारच स्पष्ट होतं. तिची बोटं चालायला लागली. अध्यक्षांना आपलं बोलणं असं तिथल्या तिथे उमटताना बघायची सवय नव्हती. त्यांना ते आवडलं. ते रंगात आले. वाचनालयाची परंपरा, ज्ञानाचा प्रसार, समाजाचं ऋण, असं सगळं सुरू झालं, आणि इतक्या उंचीवर चढल्यावर तिथून खाली येऊन "म्हणून खुर्च्या ठेवाव्यात" म्हणणं त्यांनाच जमेना. त्यांनी एकदा थांबून छताकडे पाहिलं.

"...सबब," ते शेवटी म्हणाले, "संगणक कक्ष आजपासून पूर्ववत सुरू करण्यात येत आहे. पूर्णविराम."

मावशीने पूर्णविराम दिला.

मुद्रण यंत्राला आज्ञा दिली तर त्यातून आधी "खोली भाड्याने देणे आहे" अशी सात पानं बाहेर पडली. कक्ष बंद होण्याआधी कुणीतरी पाठवलेली, इतके दिवस पोटात अडकलेली. आठवं पान ठरावाचं. समास सरळ, ओळी सारख्या. अध्यक्षांनी ते उजेडात धरलं, दोनदा वाचलं आणि इतक्या ऐटीत सही केली की पेन कागदाच्या बाहेर गेलं. तीन दरपत्रकांपैकी नेमकं कुणाचं मंजूर झालं हे मात्र कुणीच विचारलं नाही. ग्रंथपालांनी तिन्हींवर "मंजूर" असा शिक्का मारून टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नियमापेक्षा दोन शिक्के जास्त मारले आणि नंतर दिवसभर ते जरा मोकळे हसत होते.

सोमवारी सकाळी इमारतीच्या फलकावरची सूचना गेली होती. तिथे सेक्रेटरींच्याच टाइपमध्ये नवा कागद होता: ज्यांना मोफत सॉफ्टवेअर हवं असेल त्यांनी शंका तिसऱ्या मजल्यावर विचाराव्यात. विमासाहेब आता येईल त्याला खरं पान कसं ओळखायचं ते शिकवत होते, स्वतःच शोध लावल्यासारखे. "हिरव्या बटणाला हात लावायचा नाही!" हा त्यांचा आवाज खालपर्यंत यायचा. यजमानांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून बाईंकडे पाहिलं.

"श्रेय गेलं तुझं."

"जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "ती वस्तूच फुकट वाटायची आहे."

पुढचे दहा दिवस त्या रोज दुपारी वाचनालयाच्या माडीवर मावशीच्या खुर्चीमागे हातात पट्टी घेऊन उभ्या असायच्या. पट्टी कुणाला मारायला नव्हती. टेबलावर ताल धरायला. परीक्षेत मावशीचे मिनिटाला एकतीस शब्द झाले. ती सांगायला आली तेव्हा तिला नीट बोलताही येईना, आणि बाईंनी "चुका किती?" असं विचारून आपल्याला बोलता येतंय हे दाखवलं.

महिन्याभराने यजमानांचा गुडघा दाखवायला दोघं रुग्णालयात गेली. नोंदणीच्या खिडकीसमोर रांग होती. एका परिचारिकेने बाईंना ओळखलं आणि पुढे चला म्हणून आग्रह केला, पण बाई हलल्या नाहीत. त्यांना रांगेतूनच बघायचं होतं. काचेपलीकडे ती बसली होती, साध्या साडीत, रुग्णांच्या डोळ्यांत बघत, त्यांचं ऐकत, आणि खाली बोटं आपली चालली होती.

"पाठ बघा," बाई यजमानांना कोपराने ढोसत म्हणाल्या, "कशी सरळ आहे."

"पुढचे!" आतून हाक आली.